एअर रायफल अंगाला कशी बसवायची: गावातल्या १० मीटर रेंजपासून झिरोपर्यंत

तूर-कापसाचे पैसे हातात आले की मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिल्या फोनवर आयुष्यभर नेमबाजीचा नाद जपलेला एखादा भाऊ असतो. "काका, लांब पल्ल्याची रायफल जुळवून घ्यायची आहे. बॅरल एकीकडून, दस्ता दुसरीकडून. काय म्हणता?" दुसऱ्या फोनवर पोराचा बाप असतो. "रायफल चांगली घेतली, पण टार्गेटच्या मधल्या दहाच्या ठिपक्यात एकही जात नाही. साईट फिरवून फिरवून थकलो."

पहिल्याला मी जे सांगतो ते पहिल्या टप्प्यात आहे, आणि ते दोन मिनिटांत संपतं. दुसऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा साईटमध्ये नसतंच. रायफल त्याच्या पोराच्या अंगाला बसलेली नसते. मान वाकवून, खांदा उचलून पोरगं रायफलीकडे जातं आणि दोष साईटला मिळतो. पुढचे टप्पे याच क्रमानं करा. क्रम मोडला की मागचं सगळं पुन्हा करावं लागतं.

१. आधी कायदा

बंदूक जुळवणं, बॅरल कापणं, एका जातीच्या बंदुकीची दुसरी करणं, या सगळ्याला शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो, आणि तो परवाना तुमच्या घरच्या शस्त्र परवान्यापेक्षा वेगळा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाते. लोहाराकडून किंवा लेथवाल्याकडून "थोडंसं" काम करून घेणं हेही त्यातच येतं. तेव्हा परदेशी व्हिडिओ बघून सुट्या भागांची यादी करत बसू नका.

मोकळी वाट एअर रायफलची आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. १० मीटर स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या खूप आत असते. अर्ध्या ग्रॅमहून जरा जड पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं निघतो, म्हणजे हिशोब साधारण पावणेआठ ज्यूलवर येतो. आपल्या अंगाप्रमाणे रायफल घडवून घ्यायची हौस इथे पुरेपूर भागते, कारण मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफलीचा बट (दस्त्याचा मागचा भाग), चीकपीस (गाल टेकवायचा तुकडा), ग्रिप, ट्रिगर, वजनं, सगळंच सरकतं. ५० मीटरची पॉइंट टू टू (.२२ बोअरची काडतुसाची रायफल) हवी असेल तर जिल्हा रायफल असोसिएशनमार्फत परवान्याच्या रस्त्यानं जा. त्याआधी दोन वर्षं एअर रायफल करा.

इशारा: "रोही आणि रानडुकरं पीक खातात, तेवढ्यासाठी एअर रायफल घेतो" असं म्हणणारे भेटतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ एअर गनलाही लागू आहे. जनावरावर, पाखरावर ती रोखायची नाही. असा गिऱ्हाईक आला तर मी रायफलीबद्दल बोलतच नाही.

२. जागा: शेड, पडवी की गोदाम

१० मीटर म्हणजे नेमबाजाच्या रेषेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत १० मीटर. पावलं टाकून मोजू नका, लोखंडी टेप लावा. मागे उभं राहायला दीड-दोन मीटर आणि टार्गेटमागे मीटरभर धरलं तर तेरा मीटरची सलग जागा लागते. जुन्या वाड्याची लांब पडवी चालते, रिकामं गोदामही चालतं. धान्याची खोली मात्र चालत नाही. पेलेट शिशाचा असतो आणि टार्गेटमागच्या पेटीवर आपटला की बारीक धूळ उडते. त्याच खोलीत गहू-तूर ठेवणं म्हणजे ते शिसं ताटात घेणं. सरावानंतर हात साबणानं धुवा आणि खोली कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला आत येऊ देऊ नका.

टार्गेटमागे आधी पेलेट पेटी ठेवा: जाड लोखंडी पत्रा पुढे झुकवून बसवलेली, म्हणजे पेलेट खाली पेटीतच पडतो. तिच्या मागे वाळूनं भरलेल्या बारदानाच्या गोण्यांची भिंत रचा. उघड्या विटांच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवर गोळी मारू नका, पेलेट उलटा येतो. नेमबाज असो की बघणारा, चष्मा सगळ्यांनीच घालायचा. रेंजच्या दोन्ही बाजूंनी कोणी अचानक आत येणार नाही अशी सोय करा. गावात दार लोटून "चहा झाला का" म्हणत आत येणारे रोजचे असतात, म्हणून दाराला आतून कडी हवीच.

जमिनीचं बघा. शेणानं सारवलेली जमीन दिसायला सपाट असते, पण पायाखाली ती दर आठवड्याला बदलते. नेमबाजाच्या जागेवर सिमेंटचा सपाट चौथरा करा, नाहीतर जाड प्लायवूडचा तक्ता ठेवा.

आता माझी चूक सांगतो. मी असाच एक तक्ता केला, खाली चौकट ठोकून १५ सेंमी उंच. टार्गेटचं केंद्र १.४० मीटरवर हवं, ते मी शेडच्या जमिनीपासून मोजलं. म्हणजे तक्त्यावर उभ्या राहिलेल्या पोराला ते १.२५ वर मिळत होतं. वर्षभर त्याच्या अंगाला खाली बघायची सवय लागली. स्पर्धेत टार्गेट खऱ्या उंचीवर आलं. पहिल्या दहा गोळ्या बऱ्या गेल्या. मग डावा हात रायफल वर धरून धरून दमला आणि तिसऱ्या मालिकेत ग्रुप (कागदावरच्या भोकांचा झुबका) असा पसरला की मला बघवेना. पोरगं मला विचारत होतं, "सर, माझं काय चुकलं?" चुकला माझा टेप होता. उंची नेमबाजाच्या पायाखालच्या पातळीपासून मोजायची. पाण्याची नळी लावून पातळी घ्या, गवंडी घेतो तशी.

प्रकाशाला टार्गेटवर किमान १५०० लक्स हवेत. मोबाईलच्या लक्स ॲपवर डोळे झाकून विसंबू नका, पण अंदाज येतो. दिवा टार्गेटवर वरून तिरपा टाका, डोळ्यात यायला नको. व्होल्टेज खाली-वर होतं तिथे दिवे इन्व्हर्टरवर घ्या. थ्री-फेज येण्या-जाण्याच्या वेळेत सराव करत असाल तर मंद झालेल्या दिव्यात काळा गोल वेगळाच दिसतो, आणि तुम्ही उगाच पुढच्या साईटची रिंग बदलत बसता.

तपासणी: टेपनं १०.०० मीटर, पायाच्या पातळीपासून १.४० मीटर, दाराला कडी, चष्मे. चारही झाल्याशिवाय रायफल पेटीतून काढायची नाही.

३. रायफल घेताना

स्प्रिंगची ब्रेक बॅरल रायफल स्वस्त असते आणि ओपन साईटच्या सुरुवातीच्या गटात चालतेही. पण ती सुटताना उसळते, आणि तिला अंगाला बसवण्यासारखं फार काही नसतं. दाबलेल्या हवेवरची पीसीपी मॅच रायफल स्थिर असते. तिची किंमत चांगल्या बैलजोडीच्या वर जाऊ शकते, म्हणून घाई करू नका. क्लबची रायफल तीन महिने वापरा आणि मग ठरवा.

जुनी घेत असाल तर आधी सिलिंडरवर ठोकलेली तारीख वाचा. मॅच रायफलीच्या बहुतेक सिलिंडरची मुदत बनावटीपासून १० वर्षं असते, काहींची जास्त. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरात ठेवणंही शहाणपणाचं नाही. स्पर्धेच्या नियमात एकूण वजन ५.५ किलोच्या आत लागतं. पोरगं ४० किलोचं असेल तर ही मर्यादा गाठायचं काहीच कारण नाही.

४. अंगाला बसवणं

या टप्प्याला पूर्ण दोन दिवस द्या. सोबत एक माणूस, मोबाईल, ॲलन की, कागदी चिकटपट्टी आणि वही घ्या. रायफल रिकामी आहे हे दोघांनी डोळ्यानं बघायचं. पेलेट खोलीबाहेर.

*क. अंग आधी, रायफल नंतर.* रायफल न घेता टार्गेटला बाजूनं उभे राहा (उजव्या हाताचा असेल तर डावी बाजू टार्गेटकडे). पाय खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे सरळ पण ताठरलेले नाहीत. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा. शेतात खुरपून दमलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी राहते, साधारण तशी ढब. मान सरळ ठेवा. आता सोबत्यानं बाजूनं, मागून आणि समोरून असे तीन फोटो काढायचे. हेच तुमचं मोजमाप. रायफल घेतल्यावरही मान अशीच राहिली पाहिजे.

*ख. बटची लांबी.* उजवं कोपर काटकोनात वाकवा, बट प्लेट (बटच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी) कोपराच्या आतल्या घडीला लावा. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर आरामात पोचलं पाहिजे. ही फक्त सुरुवात आहे. नेमबाजीचं जॅकेट घालून पुन्हा बघा, कारण जाड जॅकेटनं लांबी बदलते. नव्या पोरांचा बट जवळजवळ नेहमीच लांब असतो, आणि ते मागे रेलून तो भरून काढतात.

*ग. डावा हात.* रायफल उचला आणि डोळे मिटा. दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नळी टार्गेटच्या वर आहे की खाली? खाली असेल तर आधाराची उंची वाढवा: तळहातावर ठेवत असाल तर मूठ करा, मूठ असेल तर पुढच्या दस्त्याखाली ठोकळा लावा. वर असेल तर उलट. डाव्या दंडानं रायफल उचलून नेम धरायचा नाही. दंड ताणला की तिसाव्या गोळीनंतर तो थरथरणारच.

*घ. बट प्लेटची उंची.* बहुतेकांची चूक इथेच होते. मान वाकत असेल तर रायफल वर आणायची, आणि त्यासाठी बट प्लेट दस्त्यावर खाली सरकवायची. लोक ती वर सरकवतात, मग डोकं आणखी वाकतं. प्लेटचा कोनही बघा. खांद्याला ती पूर्ण टेकली पाहिजे, एका टोकावर नको.

*ङ. चीकपीस.* डोकं चीकपीसवर ठेवायचं, दाबायचं नाही. पुन्हा डोळे मिटून रायफल लावा आणि उघडा. मागच्या पीपमध्ये (मागच्या साईटच्या बारीक भोकात) पुढची रिंग आपोआप मधोमध दिसली तर बसलं. ती शोधायला डोकं हलवावं लागलं तर चीकपीस वर-खाली, आत-बाहेर करा. लांब चेहऱ्याच्या पोराला चीकपीस पुरत नाही. तिथे साईटखाली उंची देणारे तुकडे लावतात, पुढे आणि मागे सारखेच.

*च. पीपचं अंतर.* डोळ्यापासून दोन-तीन बोटं. फार जवळ आणली की पापणी लागते, फार लांब नेली की बाहेरचा उजेड शिरतो.

*छ. ग्रिप आणि ट्रिगर.* मनगट सरळ, बोट दस्त्याला न चिकटता सरळ मागे. ट्रिगरचा पहिला टप्पा स्पष्ट जाणवावा. नवख्याला केसाएवढा हलका ट्रिगर देऊ नका. बोट लावताच गोळी सुटते आणि मग पोरगं ट्रिगरला भिऊ लागतं. भीती एकदा बसली की सहा महिने जात नाही.

*ज. वजनं* सगळ्यात शेवटी. पुढे जड वाटत असेल तर आधी डावा हात थोडा पुढे-मागे करून बघा.

प्रत्येक बदलानंतर स्केलवरचा आकडा वहीत लिहा आणि त्या जागी चिकटपट्टीवर पेन्सिलीची खूण करा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलावर किमान २० रिकामे शॉट. मॅच रायफलीला ड्राय फायरची सोय असते, ती वापरा. स्प्रिंगच्या रायफलीला मात्र रिकामी सोडू नका, पिस्टनचं सील जातं.

तपासणी: डोळे मिटून दहा वेळा रायफल लावा. दहापैकी आठ वेळा डोळे उघडताच नळी काळ्या गोलाच्या आसपास असली पाहिजे. डावी-उजवीकडे जात असेल तर हात नका हलवू, मागचा पाय एक-दोन सेंमी सरकवा. पायांची जागा खडूनं आखून ठेवा.

५. पेलेट निवडणं

चपट्या तोंडाचा ४.५ मिमीचा मॅच पेलेट घ्या. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे माप असतात. प्रत्येक नळीला वेगळं माप मानवतं, शेजाऱ्याला जे चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांत बसवा, प्रत्येक मापाच्या पाच-पाच गोळ्या किमान तीन वेळा मारा आणि कुठल्या मापाचा ग्रुप सगळ्यात घट्ट येतो ते बघा. ग्रुप कुठे पडतो हे आत्ता बघायचं नाही, तो किती घट्ट आहे तेवढंच. जमलेल्या मापाचे त्याच लॉटचे डबे जास्तीचे घेऊन ठेवा. डबा खाली पडला असेल तर तो सरावाला. शिसं मऊ असतं, कड वाकते.

६. झिरो

झिरो म्हणजे नेम जिथे धरला तिथेच गोळी पडेल अशी साईट जुळवणं. आता साईटला हात. ४ था टप्पा झालेला नसेल तर इथून परत जा.

पुढच्या रिंगपासून सुरुवात. काळा गोल ३०.५ मिमीचा असतो आणि रिंगमध्ये त्याच्याभोवती पांढरी कडा ठळक दिसली पाहिजे. "घट्ट रिंग म्हणजे अचूक नेम" हा समज काढून टाका. घट्ट रिंगमध्ये कडा नाहीशी होते, डोळा ती शोधत बसतो आणि पोरगं गोळी सोडायला दहा सेकंद उशीर करतं. ४ मिमीच्या आसपास सुरू करा आणि शंका आली की मोठी घ्या.

मग साईटची दिशा तपासा. काही साईटवरची खूण सांगते "गोळी तिकडे लागली तर इकडे फिरवा", काहींवरची सांगते "गोळी तिकडे न्यायची असेल तर इकडे फिरवा". पुस्तिकेवर वाद घालण्यापेक्षा पाच गोळ्या मारा, साईटच्या स्क्रूला दहा क्लिक (टक-टक असे टप्पे) द्या, पुन्हा पाच मारा. ग्रुप कुठे आणि किती सरकला ते मोजून वहीत लिहा. यातून एका क्लिकला किती मिलिमीटर तेही कळतं.

नंतरचा नियम सोपा आहे, पण पाळत कोणी नाही: एका गोळीवर क्लिक द्यायचा नाही. पाच गोळ्यांचा ग्रुप पूर्ण होऊ द्या, त्याचं केंद्र काढा, मग सरकवा. दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा आहे आणि नऊचं वर्तुळ ५.५ मिमीचं. एवढ्या बारीक जागेत प्रत्येक गोळीच्या मागे साईट पळवली तर ती दिवसभर पळत राहील.

ग्रुप आडवा पसरत असेल तर आधी पाय आणि डोक्याची जागा बघा. उभा पसरत असेल तर श्वास आणि डावा आधार. रायफल एका बाजूला कलते का हे सोबत्याला मागून बघायला सांगा. कलली तर कलो, पण दर वेळी तेवढीच.

७. हवा भरणं

मॅच रायफलीचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. त्यात फक्त कोरडी, गाळलेली हवा. ऑक्सिजन कधीही नाही. वेल्डिंगच्या दुकानात "सिलिंडर भरून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. जोडणीला तेल, ग्रीस किंवा घरातलं मशीनचं तेल लावू नका. जास्त दाबाखाली तेल पेट घेतं. हातपंपानं भरत असाल तर ओलावा शोषणारी फिल्टर लावा आणि पावसाळ्यात तिची पुडी लवकर बदला. हळू भरा, थांबून थांबून.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशोब वेगळा आहे. २० अंशांत २०० बार भरलेलं सिलिंडर उन्हात उभ्या बंद गाडीत ६५ अंशांपर्यंत तापलं तर दाब २३० बारच्या वर जातो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे रस्त्यावर उभी गाडी किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात १८० च्या आसपासच थांबा आणि सिलिंडर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

८. ऊन, पाऊस, प्रवास

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये जॅकेट घालून सराव करायचा म्हणजे पोराला भट्टीत घालणं. पहाटे पाच ते साडेसात, बस. दुपारी थंड खोलीत ड्राय फायर. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. लाकडी दस्ता असेल तर तो फुगतो, म्हणून जून आणि ऑक्टोबरमध्ये दस्त्याचे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या घट्टपणावर पुन्हा तपासा. हातानं "कच्चून" आवळू नका.

स्पर्धेला एसटीनं जाणार असाल तर रायफल कुलूपबंद पेटीत, खरेदीची पावती, क्लबचं पत्र आणि ओळखपत्र वरच्या खिशात. पेटी टपावर किंवा डिकीत टाकू नका, सीटखाली आडवी ठेवा. पोचल्यावर सगळ्यात आधी चिकटपट्टीवरच्या खुणा वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. खड्ड्यांच्या रस्त्यानं बट प्लेट अर्धा सेंमी सरकलेली मी दोनदा पाहिली आहे. मग तयारी आणि सायटिंगची १५ मिनिटं मिळतात. त्यातली पहिली पाच पायांना द्या: डोळे मिटा, उघडा, मागचा पाय सरकवा, पुन्हा मिटा. नळी काळ्यावर आपोआप आली की मग पहिला पेलेट भरा, आणि साईटला हात पाच गोळ्यांनंतर.